शहरालगतची शेतजमीन : हक्क, नोंद आणि वापर (बस्सीच्या निमित्ताने)

डाळिंब उत्पादकांना आणि विस्तार कार्यकर्त्यांना राजस्थानातील बस्सी हे नाव अपरिचित नाही. जयपूरच्या पूर्वेस, आग्रा महामार्गावर सुमारे ३० किलोमीटरवर असलेल्या या तालुक्यात, ढिंढोल येथे, भारत-इस्राईल कृषी प्रकल्पांतर्गत डाळिंबाचे उत्कृष्टता केंद्र उभारले गेले आहे. बाजरी, मोहरी व गव्हाच्या या पट्ट्यात ठिबक सिंचनावरील फळबागा कशा वाढवता येतात, हे पाहण्यासाठी तेथे अभ्यासदौरे होतात. अशा दौऱ्यात महामार्गाच्या दोन्ही बाजूंस नजर टाकली तर मात्र बागांइतकेच भूखंडांचे फलकही दिसतात. आखलेले मुरमाचे रस्ते, कोपऱ्यावरील दगडी खुणा आणि ‘गज’ या मापात सांगितलेले दर, असे ते दृश्य असते. दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्गाला बांदीकुईजवळ मिळणारा जयपूरचा जोडरस्ता याच भागातून जातो. त्याच द्रुतगती मार्गाचे दुसरे टोक महाराष्ट्रात आहे. त्यामुळे बस्सीत आज जे प्रश्न उभे आहेत, ते पुणे, नाशिक, ठाणे वा छत्रपती संभाजीनगरच्या वेशीवरील शेतकऱ्यांनाही नवे नाहीत.

फळबाग ही दीर्घ मुदतीची गुंतवणूक आहे. डाळिंबाचे झाड बहारास येण्यासाठी दोन-तीन वर्षे जातात आणि पुढे दीड दशकाच्या उत्पन्नाचा हिशोब मांडलेला असतो. अशा जमिनीबाबत एका कागदावर घाईने केलेली सही सर्व हिशोब उलटवू शकते. प्रस्तुत लेखात जमीनमालक, भूखंड वा घर घेणारे आणि जागा भाड्याने देणारे यांना उपयुक्त अशा कायद्याच्या मूलभूत बाबी, बस्सी परिसर व महाराष्ट्र यांची तुलना करीत मांडल्या आहेत.

तीन निराळ्या गोष्टी

जमिनीच्या व्यवहारात होणारी बहुतेक फसगत तीन गोष्टींची गल्लत केल्याने होते. पहिली गोष्ट हक्क, म्हणजे जमीन कायद्याने कोणाची आहे. दुसरी नोंद, म्हणजे महसुली दप्तरात कोणाचे नाव आहे. तिसरी वापर, म्हणजे त्या जमिनीचा उपयोग कशासाठी करण्यास कायद्याची मुभा आहे. या तिन्ही बाबी तीन वेगळ्या कायद्यांखाली आणि बहुधा तीन वेगळ्या कार्यालयांत ठरतात. एक बाब सिद्ध झाली म्हणून उरलेल्या दोन आपोआप सिद्ध होत नाहीत. पुढील सर्व विवेचन याच भेदावर आधारलेले आहे.

नोंद : जमाबंदी आणि सातबारा

राजस्थानात शेतजमीन धारण करणाऱ्यास ‘खातेदार’ म्हणतात. राजस्थान काश्तकारी कायदा, १९५५ नुसार खातेदाराचा हितसंबंध वारसाहक्काने मिळणारा व हस्तांतरणीय आहे. त्याची नोंद जमाबंदीत असते, पिकाची नोंद गिरदावरीत असते आणि जमिनीचा तुकडा खसरा क्रमांकाने ओळखला जातो. ही माहिती ‘अपना खाता’ या संकेतस्थळावर पाहता येते. आपल्याकडील सातबारा, आठ-अ, पीकपाहणी आणि गट क्रमांक यांच्याशी त्याचे साधर्म्य सहज लक्षात येईल.

परंतु जमाबंदी असो वा सातबारा, ही मुळात महसूल वसुलीसाठी ठेवलेली अभिलेखे आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातील नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. तथापि फेरफार नोंदीमुळे मालकी निर्माणही होत नाही आणि नष्टही होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मधील सावर्णी विरुद्ध इंदर कौर या प्रकरणात स्पष्ट केले आणि त्यानंतरच्या निकालांत वेळोवेळी पुन्हा सांगितले. म्हणून केवळ ताजा उतारा पाहून व्यवहार करणे पुरेसे नाही. विक्रेत्याकडे जमीन कशी आली, खरेदीने, वारसाने, वाटपाने की शासकीय वाटपाने, याची साखळी किमान ३० वर्षे मागे जाऊन फेरफारनिहाय तपासावी.

याउलट, नोंदीकडे दुर्लक्ष करणेही महागात पडते. खरेदीखत झाल्यानंतर फेरफार प्रमाणित करून घेतला नाही तर उताऱ्यावर जुन्या मालकाचेच नाव राहते. पीककर्ज, पीकविमा, ठिबकचे अनुदान आणि नुकसानभरपाई या सर्वांचा आधार तो उतारा असतो. शिवाय त्याच नावावर दुसऱ्यांदा विक्री होण्याचा धोका राहतो.

मोजमापाबाबतही सावध असावे. राजस्थानात पक्का बिघा १६५ फूट लांब व तितकाच रुंद धरतात. म्हणजे तो बरोबर २५ गुंठ्यांचा होतो. कच्चा बिघा १३२ फुटांचा, म्हणजे १६ गुंठ्यांचा असतो. ‘बिघा’ एवढाच शब्द लिहिलेल्या करारात या दोहोंपैकी कोणता अभिप्रेत आहे यावरून ९ गुंठ्यांचा फरक पडू शकतो. भूखंडासाठी वापरला जाणारा ‘गज’ म्हणजे चौरस यार्ड, अर्थात ९ चौरस फूट. एका गुंठ्यात असे १२१ गज येतात. करारात क्षेत्र नेहमी हेक्टर-आर वा चौरस मीटरमध्ये, चतुःसीमांसह लिहावे.

हक्क : इकरारनामा म्हणजे विक्री नव्हे

शहरालगतच्या पट्ट्यात सर्वाधिक वादाचे मूळ असलेला कागद म्हणजे इकरारनामा, म्हणजेच आपल्याकडील साठेखत किंवा विसारपावती. त्याच्या जोडीला बहुधा कुलमुखत्यारपत्र घेतले जाते. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५४ नुसार १०० रुपये वा त्याहून अधिक मूल्याच्या स्थावर मालमत्तेची विक्री केवळ नोंदणीकृत दस्तानेच होऊ शकते आणि विक्रीच्या करारामुळे त्या मालमत्तेत कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०११ रोजी सूरज लॅम्प प्रकरणात हाच नियम ठामपणे मांडला. विक्रीचा करार, मुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र असा तिहेरी कागद करून केलेला व्यवहार म्हणजे मालकीचे हस्तांतरण नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. वृद्ध पित्याने मुलास किंवा परगावी राहणाऱ्याने नातलगास खऱ्या अर्थाने कामकाजासाठी दिलेले मुखत्यारपत्र मात्र या निकालाने बाधित होत नाही.

याचा शेतकऱ्याशी संबंध कसा येतो, हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. समजा, एखाद्या शेतकऱ्याची ४ पक्के बिघे, म्हणजे १०० गुंठे जमीन आहे. मध्यस्थ त्याच्याशी साध्या मुद्रांक कागदावर इकरारनामा करतो, ठरलेल्या रकमेचा तिसरा हिस्सा देतो, मुखत्यारपत्र घेतो आणि उरलेली रक्कम वर्षभरात देण्याचे कबूल करतो. मग तो कागदी नकाशावर रस्ते आखून १०० गजांचे साठ-सत्तर भूखंड पाडतो आणि तितक्याच कुटुंबांकडून पैसे घेतो. बाग तोडली जाते, ठिबकच्या नळ्या गुंडाळल्या जातात. वर्षअखेरीस मध्यस्थ उरलेली रक्कम देत नाही. जमाबंदीत नाव अद्याप शेतकऱ्याचेच असते, म्हणून भूखंड घेणारी कुटुंबे त्याच्याच दारात येतात आणि दाव्यात पहिला प्रतिवादीही तोच होतो. शेतकऱ्याला पुरते पैसे मिळालेले नसतात, कुटुंबांना मालकी मिळालेली नसते आणि जमिनीवर पीकही उभे नसते. या साखळीतील प्रत्येक दुवा एकाच चुकीतून आलेला आहे : कराराला विक्री मानणे.

यावरील उपाय कठीण नाही. साठेखत करायचेच असेल तर ते नोंदणीकृत असावे, त्यात मुदत, हप्ते आणि हप्ता चुकल्यास होणारे परिणाम स्पष्ट लिहावेत, पूर्ण मोबदला मिळेपर्यंत ताबा देऊ नये आणि विक्रीचे अधिकार देणारे मुखत्यारपत्र मध्यस्थास कधीही देऊ नये. २४ सप्टेंबर २००१ पासून, ताब्यासह केलेला पण नोंदणी न केलेला करार ताबा टिकवण्यासाठीही आधार म्हणून वापरता येत नाही. ही बाब घेणाऱ्याने विशेषतः लक्षात ठेवावी.

वापर : नाव बदलले तरी शेत शेतच राहते

नोंदणीकृत खरेदीखत झाले, फेरफारही झाला, तरी जमीन घर बांधण्यायोग्य होत नाही. राजस्थान भू-राजस्व कायदा, १९५६ च्या कलम ९०-अ नुसार शेतजमिनीचा बिगरशेती वापर करण्यापूर्वी सक्षम प्राधिकाऱ्याची लेखी परवानगी आवश्यक आहे. परवानगीविना वापर करणाऱ्यास अतिक्रमक मानून निष्कासित करता येते. नागरी क्षेत्रासाठी २०१२ चे आणि ग्रामीण क्षेत्रासाठी २००७ चे स्वतंत्र नियम आहेत. नागरी क्षेत्रात परवानगी मिळताच खातेदारी हक्क संपुष्टात येतात, जमीन स्थानिक प्राधिकरणाकडे जाते आणि ते प्राधिकरण भूखंडाचा पट्टा देते. म्हणून जयपूरच्या परिसरात भूखंड घेताना विचारण्याचा पहिला प्रश्न असा असावा : हा पट्टा कोणी दिला आहे?

या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. जयपूरभोवती गृहनिर्माण सहकारी संस्थांनी खातेदारांकडून इकरारनाम्यांवर शेतजमिनी घेतल्या, त्यांचे भूखंड पाडले आणि सभासदांना स्वतःच्याच शिक्क्याचे पट्टे दिले. लोक त्यास ‘सोसायटी पट्टा’ म्हणतात. ज्या संस्थेकडे मुळात मालकी नव्हती आणि ज्या जमिनीचा वापर बदललेला नव्हता, तिने दिलेला पट्टा म्हणजे केवळ सभासदत्वाचा पुरावा. अशा वसाहती इतक्या वाढल्या की त्या नियमित करण्यासाठी १९९९ मध्ये कायद्यात कलम ९०-ब घालावे लागले. पुढे ते वगळून कलम ९०-अ मध्येच नवी कार्यपद्धती आणली गेली.

महाराष्ट्रातील गुंठेवारीची कथा याहून निराळी नाही. तुकडेबंदी कायदा, १९४७ असतानाही गुंठ्या-गुंठ्याने जमिनी विकल्या गेल्या आणि त्यावरील घरे नियमित करण्यासाठी २००१ मध्ये गुंठेवारी कायदा करावा लागला; २०२१ च्या दुरुस्तीने त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांपर्यंत वाढवली गेली. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेने बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे असे ठरवले आहे. २०२५ मध्ये नागरी व नियोजित निवासी क्षेत्रांपुरत्या या तरतुदी शिथिल करण्याची पावले शासनाने उचलली. आपला गट त्या क्षेत्रात येतो की नाही, हे नियोजन प्राधिकरणाच्या झोन दाखल्यावरून पाहावे. मध्यस्थाच्या सांगण्यावर जाऊ नये. त्याचप्रमाणे संहितेच्या कलम ४२-ब ते ४२-ड मुळे विकास आराखड्यातील आणि गावठाणालगतच्या जमिनींसाठी स्वतंत्र अकृषिक परवानगीची आवश्यकता कमी झाली असली, तरी आकारणी, अधिमूल्य आणि बांधकाम परवानगी यांतून सुटका झालेली नाही.

नियमितीकरणाच्या या दोन्ही कथांतून एकच बोध घ्यावा. पुढे केव्हातरी नियमित होईल या आशेवर घेतलेल्या घराला तोवर बँकेचे गृहकर्ज मिळणे दुरापास्त असते, पाणी व रस्त्यासाठी अर्ज करीत बसावे लागते आणि नियमितीकरणाचे शुल्कही शेवटी घर घेणाऱ्यालाच भरावे लागते.

कोणत्या जमिनी विकताच येत नाहीत

बस्सी परिसरात मीणा समाजाची मोठी वस्ती आहे आणि बस्सी विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. त्यामुळे काश्तकारी कायद्याचे कलम ४२ येथे विशेष महत्त्वाचे ठरते. या कलमानुसार अनुसूचित जमातीच्या खातेदाराने जमातीबाहेरील व्यक्तीस आणि अनुसूचित जातीच्या खातेदाराने जातीबाहेरील व्यक्तीस केलेली शेतजमिनीची विक्री, दान वा मृत्युपत्राने दिलेली देणगी शून्य असते. दुसऱ्या एखाद्याच्या नावे व्यवहार करून ताबा आपण घेण्याची पळवाट म्हणूनच धोक्याची आहे. कागदावरील नावाच्या माणसाने शब्द फिरवला तर पैसे देणाऱ्यास दाद मागण्यास जागा राहत नाही. महाराष्ट्रात संहितेची कलमे ३६ व ३६-अ आदिवासींच्या जमिनींना असेच संरक्षण देतात. शासनाच्या पूर्वमान्यतेने जिल्हाधिकाऱ्यांनी मंजुरी दिल्याखेरीज आदिवासीची जमीन बिगर आदिवासीकडे विक्रीने जाऊ शकत नाही.

दुसरा वर्ग सामायिक जमिनींचा. राजस्थान काश्तकारी कायद्याच्या कलम १६ नुसार चराऊ जमीन, नदीचे पात्र, तलाव अशा जमिनींवर खातेदारी हक्क निर्माणच होत नाहीत. राजस्थान उच्च न्यायालयाने २००४ मध्ये अब्दुल रहमान प्रकरणात जलस्रोतांच्या पाणलोटातील अडथळे दूर करण्याचे निर्देश दिले आणि सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्यास सर्व राज्यांना सांगितले. कोरड्या प्रदेशात अनेक वर्षे पाणी न आलेला नाला सपाट शेतासारखा दिसतो. जमाबंदीत ‘गैर मुमकिन नाला’ असा शेरा असेल तर त्यावर पडलेला भूखंड घेऊ नये. आपल्याकडील गायरान, वनजमीन व ओढ्याच्या पात्राबाबतही हेच लागू आहे.

तिसरा वर्ग अटींच्या जमिनींचा. महाराष्ट्रात सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ असा उल्लेख असल्यास सक्षम प्राधिकाऱ्याची परवानगी आणि बहुधा नजराणा याशिवाय विक्री होत नाही. शिवाय महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या व्यक्तीस परवानगीविना शेतजमीन घेता येत नाही; राजस्थानात असा सरसकट निर्बंध नाही. एका राज्यातील समजूत दुसऱ्या राज्यात नेऊन व्यवहार करू नये.

घरातील हिस्सेदार

जमिनीचे दावे परक्यांपेक्षा घरातल्यांतच अधिक दिसतात. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने मुलीस जन्मतः सहदायिकत्व मिळाले. २००५ मध्ये वडील हयात नसले तरी हा हक्क बाधित होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात ठरवले. तरीही राजस्थानात ‘हक त्याग’ आणि महाराष्ट्रात ‘हक्कसोड’ या नावाने बहिणींकडून जमिनीवरील हिस्सा सोडवून घेण्याची रूढी चालू आहे. माहेर तुटू नये म्हणून केलेली ही सही कायद्याने तेव्हाच टिकते, जेव्हा ती समजून-उमजून, दबावाविना आणि नोंदणीकृत दस्ताने केलेली असते. भावाने बहिणीची संमती गृहीत धरून वडिलोपार्जित जमीन विकली, तर बहिणीचा हिस्सा घेणाऱ्याकडे जात नाही आणि दावा वर्षानुवर्षे चालतो.

अनुसूचित जमातींना मात्र हा कायदा, केंद्र शासनाच्या अधिसूचनेखेरीज, लागू होत नाही. तेथे रूढी पाहिली जाते. आदिवासी मुलींनाही समान वारसाहक्क मिळावा यासाठी कायद्यात दुरुस्तीचा विचार करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने ९ डिसेंबर २०२२ रोजी कमला नेती प्रकरणात केंद्र शासनास सुचवले आहे. बस्सीसारख्या तालुक्यात शेजारशेजारच्या दोन शेतांवरील मुलींचे हक्क म्हणूनच वेगवेगळे असू शकतात.

विकसकाबरोबर भागीदारी आणि रेरा

जमीन सरळ विकण्याऐवजी विकसकास देऊन तयार भूखंडांत वा सदनिकांत हिस्सा घेण्याकडे प्रगतिशील शेतकऱ्यांचा कल वाढत आहे. येथे स्थावर संपदा (नियमन व विकास) कायदा, २०१६, म्हणजेच रेरा, समजून घेणे आवश्यक आहे. नियोजन क्षेत्रात ५०० चौरस मीटरहून, म्हणजे सुमारे ५ गुंठ्यांहून, अधिक जमिनीवर भूखंड पाडून विकायचे असतील किंवा ८ हून अधिक सदनिका बांधायच्या असतील, तर प्रकल्पाची नोंदणी होण्यापूर्वी जाहिरात, आरक्षण वा विक्री करता येत नाही. नोंदणीकृत विक्रीकरार करण्यापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. घेतलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम वेगळ्या बँक खात्यात ठेवून ती केवळ जमीन व बांधकामाच्या खर्चासाठीच काढता येते. ताबा वेळेत न मिळाल्यास घेणाऱ्यास व्याजासह परतावा मागता येतो.

हे नियम फक्त विकसकासाठी आहेत, अशी समजूत जमीनमालकांत आढळते; ती चुकीची आहे. विकास करणारा एक आणि विक्री करणारा दुसरा असेल तर कायदा दोघांनाही प्रवर्तक मानतो आणि दोघांवर संयुक्त जबाबदारी टाकतो. आपल्या वाट्याचे भूखंड विकणारा शेतकरी या व्याख्येत येऊ शकतो. जमिनीच्या मालकीत दोष निघाल्यास प्रवर्तकाने भरपाई द्यावी लागते आणि त्या मागणीला मुदतीचे बंधनही नाही. म्हणून विकास करारावर सही करण्यापूर्वी घरातील सर्व हिस्सेदारांचा प्रश्न आधी मिटवावा, आपल्या वाट्याचे भूखंड क्रमांकासह करारात नमूद करावेत आणि विकसकाने प्रकल्प अर्धवट सोडल्यास जमीन कोणत्या अटींवर परत येईल हे लिहून घ्यावे.

घर वा भूखंड घेणाऱ्यासाठी सर्वात सोपी तपासणी म्हणजे प्रकल्पाचा रेरा क्रमांक. राजस्थान रेरा वा महारेराच्या संकेतस्थळावर त्या क्रमांकाखाली मंजूर नकाशा, मालकीविषयक कागद आणि प्रगतीचा तपशील पाहता येतो. फलकावर क्रमांक नसेल तर तेथेच थांबावे.

खंड आणि भाडे

शेती खंडाने देताना राजस्थानात कलम ४५ विचारात घ्यावे. खातेदाराने जमीन पोटखंडाने देण्यास मूळ कायद्यात एका वेळी ५ वर्षांची मर्यादा घातलेली आहे. फळबागेच्या आयुष्याशी ही मुदत जुळत नाही. म्हणून खंडाच्या जमिनीवर बाग लावण्याचा सल्ला देण्यापूर्वी विस्तार कार्यकर्त्याने कराराची मुदत विचारावी. महाराष्ट्रात कूळकायद्याच्या धास्तीने बहुतेक जमिनी तोंडी बोलीवर दिल्या जातात. त्यात कसणाऱ्यास पीककर्ज वा विमा मिळत नाही आणि मालकालाही लेखी आधार राहत नाही.

महामार्गालगत खोल्या, गाळे वा गोदाम भाड्याने देणाऱ्या शेतकऱ्यांनी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चे कलम ५५ लक्षात ठेवावे. भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसल्यास अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. मालकास शिक्षाही होऊ शकते.

किंमत, कर आणि भूसंपादन

मुद्रांक शुल्क वाचवण्यासाठी खरेदीखतात कमी किंमत दाखवणे आणि उरलेली रक्कम रोखीने देणे ही सर्वत्र आढळणारी सवय आहे. तिचा फटका पुढे संपूर्ण गावाला बसतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार बाजारमूल्य ठरवताना मुद्रांक शुल्कासाठीचे किमान दर, म्हणजे राजस्थानात ‘डीएलसी दर’ व आपल्याकडे वार्षिक मूल्यदर तक्ता, आणि परिसरातील मागील ३ वर्षांच्या नोंदणीकृत विक्रीदस्तांतील सरासरी किंमत विचारात घेतली जाते. राष्ट्रीय महामार्गासाठीच्या संपादनासही १ जानेवारी २०१५ पासून या कायद्याचे मोबदल्याचे निकष लागू आहेत. गावातील दस्तांत कमी किमती लिहिल्या गेल्या असतील तर त्याच दस्तांचा आधार घेऊन उद्या आपल्या जमिनीचे मोल ठरते.

याच कायद्यात झाडांच्या मूल्यांकनासाठी फलोत्पादन तज्ज्ञांची मदत घेण्याची तरतूद आहे. बागेची नोंद गिरदावरीत वा पीकपाहणीत झाडांच्या संख्येसह व लागवडीच्या वर्षासह असेल तर ते मूल्यांकन निर्विवाद होते. ई-पीक पाहणी दर हंगामात करणे हे त्या दृष्टीने आपल्या हक्काचे रक्षणच आहे.

प्राप्तिकराच्या दृष्टीने ग्रामीण शेतजमीन भांडवली मत्ता मानली जात नाही. परंतु १० हजार ते १ लाख लोकसंख्येच्या नगरपालिकेच्या हद्दीपासून २ किलोमीटर, १ ते १० लाखांसाठी ६ किलोमीटर आणि १० लाखांहून अधिक लोकसंख्येसाठी ८ किलोमीटर हवाई अंतराच्या आतील शेतजमिनीच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागू शकतो. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार रुपये वा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास प्राप्तिकर कायद्यात मनाई आहे. सर्व रक्कम बँकेमार्फतच घ्यावी.

व्यवहारापूर्वीची तपासणी

विस्तार कार्यकर्त्यांना मेळाव्यांत सांगण्यासाठी वरील विवेचनाचा सारांश पुढीलप्रमाणे :

१. ताजा सातबारा वा जमाबंदी, आठ-अ आणि ३० वर्षांचे फेरफार एकत्र वाचावेत.
२. दुय्यम निबंधक कार्यालयातून दस्तांचा शोध घ्यावा. बोजा, गहाण व प्रलंबित दावा पाहावा.
३. सर्व वारसांची, विशेषतः बहिणींची, लेखी संमती घ्यावी.
४. जमिनीचा वर्ग पाहावा : वर्ग २, आदिवासी, अनुसूचित जाती, गायरान, नाला, वन.
५. झोन दाखला, अकृषिक वापराची स्थिती आणि मंजूर रेखांकन तपासावे. पट्टा असल्यास तो कोणी दिला हे पाहावे.
६. सरकारी मोजणी करून हद्द निश्चित करावी व क्षेत्र चौरस मीटरमध्ये लिहावे.
७. भूखंड वा सदनिका असल्यास रेरा क्रमांक संकेतस्थळावर पडताळावा.
८. पूर्ण मोबदल्याशिवाय ताबा देऊ नये, विक्रीचे मुखत्यारपत्र मध्यस्थास देऊ नये.
९. खरेदीखतानंतर फेरफार प्रमाणित होईपर्यंत पाठपुरावा करावा.

वरील माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. प्रत्यक्ष व्यवहारापूर्वी दिवाणी व महसुली कामाचा अनुभव असलेल्या वकिलाचा सल्ला घ्यावा. ऐपत नसल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. स्त्रिया, अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती यांना तेथे उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य विधी साहाय्य मिळते.

बस्सीच्या बागेत रोप लावण्याआधी माती व पाणी तपासले जाते, निमॅटोडचा प्रादुर्भाव पाहिला जातो आणि मगच खड्डे आखले जातात. त्याच शिस्तीने जमिनीचे कागद तपासले तर बाग राखायची असो वा जमीन विकायची असो, निर्णय शेतकऱ्याच्या स्वतःच्या हाती राहील.